सतरावा भाग

वाचनालयाचे दामोदरबाब म्हणाले, आलाय.
खाकी कव्हर घालून, टेबलाखाली, माझ्यासाठी ठेवलेला.
डॉ. अचला नगरकरच्या पुस्तकाला डिचोलीत पहिला हात
बावीस वर्षं माझाच लागतो.

मी घरात कोंकणी बोलते, देवाशीही.
खून तेवढे मराठीतून वाचते.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं,
चतुर्थीचे ब्लाऊज हँगरवर तसेच, बाह्यांवाचून,
आणि बसले मशीनच्या दिव्याखाली.

या खेपेला बाई गोव्यात आल्या आहेत.
वाटलं होतं, आनंद होईल.
झालाही, सात पानं.
मग त्यांची गाडी म्हापशाहून निघून
वीस मिनिटांत काणकोणला पोचली.
मग जो तो फेणी पिऊ लागला, सकाळी दहालाही,
पोस्टमास्तरसुद्धा.
मांडवीला भरती आली ती कथेच्या सोयीनं,
आणि एका म्हातारीच्या तोंडी अशी कोंकणी
जी कुणाच्याच आईची नाही.

असू दे. पाहुणे चुकतात.
पण शवागारातली चूक मी सोडत नाही.
तिसऱ्या भागात अचलाबाई छाती शिवायच्या तेव्हा
टाका आतून बाहेर यायचा,
सुतळीएवढा दोरा, वाकडी सुई,
आणि लेखिकेनं लिहिलं होतं,
मेलेल्याला जखम भरायची नसते, फक्त घरी जायचं असतं.
ते वाक्य मी कापायच्या टेबलाला टाचून ठेवलं होतं
खडूनं पुसट होईपर्यंत.
इथे त्या शिवतच नाहीत.
हातमोजे काढून पडद्याकडे बघतात,
पडदा सांगतो, कोण, कधी, कितव्या पायरीवर.
आणि भिकाजी, शवागाराच्या दाराशी चहा उकळणारा,
वासावरून आजार ओळखणारा,
तो गेल्या वर्षी वारला म्हणे,
दोन स्वल्पविरामांच्या मध्ये.
मी पान मागे उलटून पाहिलं, काही सुटलं का.

खुनी मला ऐंशीव्या पानावर सापडला.
सोळा भागांनी एवढं शिकवलंय:
जो डॉक्टरला खुर्ची पुढे करतो, तो.

उरलेलं रागानं वाचत होते,
बॉबिन भरता भरता, एका डोळ्यानं,
तेव्हा आलं पान दोनशे अकरा.
मयत खाणीच्या खंदकातून काढलेला,
बेवारस, खिसे रिकामे.
अचलाबाई पडदा बंद करायला सांगतात.
त्याचा हात उचलतात. नखांच्या कडांना, कातडीच्या रेघांत
लाल. धुतला. पुन्हा धुतला. लाल.
म्हणतात, हा बरीच वर्षं खनिजाच्या ट्रकवर होता,
आणि याचे कपडे घरात कुणीतरी
वेगळे भिजवत असणार.

मशीन थांबलं. म्हणजे पाय माझाच थांबला.

वेगळेच भिजवायचे, हो.
निळ्या बादलीत, सोड्यात, रात्रभर.
खाणी बंद पडल्यावरही तीन पावसाळे
मोहनदासच्या बनियनची शिवण लाल होती.
तो गेला तापानं. कुणी काही विचारलं नाही,
विचारण्यासारखं नव्हतंच.
आंघोळ घालताना त्याच्या हातांकडे मी पाहिलं होतं
आणि हे सांगायचं कुणाला, ते सुचलं नव्हतं.

तिला कुणी सांगितलं?
जिला म्हापसा कुठे आहे ठाऊक नाही, तिला?

शेवटचं प्रकरण वाईटच आहे.
बोटीवर पाठलाग, गोळीबार,
अचलाबाई साठीच्या, आणि पोहतात.
मी वाचलं, एकूण एक शब्द, चिडून.

सोमवारी पुस्तक परत केलं.
दामोदरबाब म्हणाले, कशें आसा?
म्हटलं, उसवून परत शिवायला हवं.
बाही मात्र पडलीय सुरेख. एकच.
ते हसले, शिक्का मारला.
दोनशे अकरामध्ये मी दोरा सोडलाय,
चॉकलेटी, कारण लाल संपला होता.